'अफरातफर' सगळीकडे चालेल का?

एका प्रशिक्षण पुस्तिकेचं भाषांतर करतेय. पहिल्या प्रकरणात ऑनलाइन करारांतले कायदेशीर धोके आहेत, दुसऱ्यात संख्याशास्त्राच्या मदतीने हिशेबातला फ्रॉड कसा हुडकतात ते. 'अकाउंटिंग फ्रॉड'ला मी सरसकट 'अफरातफर' लिहिलंय. बरोबर आहे ना? आणि 'क्लिकरॅप' (बटण दाबून अटी मान्य करणं) आणि 'ब्राउजरॅप' (नुसती साइट वापरली की अटी मान्य धरणं) यांना काय म्हणायचं?

—

ताई, सरसकट नको. अफरातफर किंवा अपहार म्हटलं की कुणीतरी पैसे खाल्ले, असंच वाचणाऱ्याला वाटतं. पण विक्री फुगवून दाखवली, तोटा पुढच्या वर्षात ढकलला, तर एक पैसाही खिशात गेलेला नसतो. तरी तो फ्रॉडच. तिथे 'खोटे हिशेब' किंवा 'हिशेबातली फसवणूक' लिहा. 'घोटाळा' टाळा, त्यात नुसता गोंधळही येतो.

याहून मोठी अडचण दुसऱ्या प्रकरणात येईल. तिथे बेनफर्डचा नियम, म्हणजे आकड्यांचा पहिला अंक कोणता किती वेळा येतो ते सांगणारा नियम, असणारच. खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांना १८८१ मध्ये दिसलं, की लॉगॅरिदमच्या कोष्टकांची सुरुवातीची पानं जास्त मळलेली असतात, म्हणजे १ ने सुरू होणारे आकडे लोक जास्त वेळा शोधतात. पुढे १९३८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक बेनफर्ड यांनी वीस हजारांहून अधिक आकडे तपासले. पुष्कळशा नैसर्गिक आकडेवारीत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण ३०.१ टक्के असतं, ९ चं जेमतेम ४.६. कारण सोपं आहे: १०० चे २०० व्हायला रक्कम दुप्पट व्हावी लागते, ९०० चे १००० व्हायला नवव्या हिश्शाची वाढ पुरते.

आता समजा ५०,००० च्या वरच्या बिलाला वरिष्ठांची सही लागते आणि बिलं ४८,७०० किंवा ४९,५०० अशीच येताहेत. पहिला अंक ४ अपेक्षेपेक्षा फुगतो. पण मोठी बिलं मुद्दाम तोडली असतील, तसाच एखाद्या वस्तूचा ठरलेला दरही ४९,५०० असू शकतो. या नियमावर आधारलेल्या चाचणीला दिसते ती फक्त 'विसंगती'. हेतू तिला दिसत नाही. म्हणून 'फ्रॉड सापडला' असं कुठेही लिहू नका, 'विसंगती आढळली, तपासणी हवी' असं लिहा. 'रेड फ्लॅग'चं 'लाल झेंडा'ही करू नका, आपल्याकडे 'धोक्याची खूण' आहेच.

—

थोडी भर घालतो. हिंदीत 'अफरातफरी' म्हणजे पळापळ, मराठीत अफरातफर म्हणजे पैशांचा अपहार. मूळ अरबी जोडी इफ्रात आणि तफ्रीत, म्हणजे अतिरेक आणि उणीव. आकडे फुगवणं आणि दाबणं! मूळ अर्थाने पाहिलं तर ताईंचा शब्द चुकीचा नाही.

—

व्युत्पत्ती मलाही फार आवडली. पण आजचा वाचक शब्द आजच्या अर्थाने वाचतो, आणि इथे त्या अर्थाने कुणावर तरी आरोप होतो.

'रॅप'चं 'वेष्टन' मात्र अजिबात करू नका. सॉफ्टवेअरच्या खोक्याचं प्लास्टिक फाडलं की अटी मान्य, या 'श्रिंकरॅप'वरून ते शब्द आले. मराठीत ते चित्र उभं राहत नाही. क्लिकरॅपला 'क्लिक करून दिलेली संमती' पुरे. ब्राउजरॅपला 'मूकसंमती' सुचेल, पण मूकसंमतीत माणसाला गोष्ट ठाऊक असते आणि तो गप्प राहतो. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात अटींचा दुवा डाउनलोडच्या बटणाखाली, पान सरकवल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी होता. ज्या अटी नजरेसच आल्या नाहीत त्या मान्य केल्या असं धरता येत नाही, असं अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २००२ मध्ये ठरवलं. धोका नेमका तिथेच आहे, म्हणून 'गृहीत धरलेली संमती' म्हणा.

बटणावर 'सहमत' नको, 'अटी मान्य आहेत' हवं. सहमत आपण मताशी होतो.

—

पटलं. 'अफरातफर' सतरा ठिकाणी आहे. आज बसून प्रत्येक ठिकाणी पैसे खरंच कुणी नेलेत का ते बघते.