‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही नक्कल होती का?

जुनी कॅसेट (धागाकर्ता):
२७ मे १९८६ ला जपानात निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम कन्सोलवर ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा व्हिडिओ गेम आला. युजी होरींची रचना, अकिरा तोरियामांचे राक्षस, कोइची सुगियामांचं संगीत, सगळं ६४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये. होरींनी अमेरिकेतल्या ‘विझार्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या कॉम्प्युटर गेम्सची नक्कल मारली, असं कायम ऐकतो. मला ते अजिबात पटत नाही.

पहिली खोलीच बघा. समोर राजा, दाराला कुलूप, तीन पेट्या. त्यांत मशाल, किल्ली आणि १२० नाणी. पेटी उघडा, कुलूप काढा, जिना उतरा. कॉम्प्युटर कधी न पाहिलेलं पोरही इथेच आदेश द्यायला शिकतं. बाहेर आलात की पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो, अगदी समोर, आणि तिथे पोचायला अख्खा मुलूख पालथा घालावा लागतो. याला नक्कल कसं म्हणायचं?

तळटीप:
असहमत. वरून दिसणारा नकाशा ‘अल्टिमा’चा, समोरासमोरची लढाई ‘विझार्ड्री’ची. ‘विझार्ड्री’त १९८१ सालीच सहा जणांची टोळी घेऊन भुयारात उतरता यायचं. इथे नायक एकटा आणि राक्षसही एका वेळी एकच. मग डावपेच उरतात कुठे? गावाभोवती घिरट्या घाला, स्लाइम नावाचे दुबळे राक्षस मारा, पैसे साठवा, तलवार घ्या, पुन्हा घिरट्या. पुढच्या कित्येक जपानी आरपीजींना (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांना) हीच सवय लागली, आणि तिचा उगम इथे आहे.

जुनी कॅसेट:
त्या घिरट्यांमागे विचार आहे, तळटीप. मेलात तर निम्मे पैसे जातात, पण कमावलेला अनुभव जात नाही. ‘मारिओ’त बोटं चपळ नसतील तर तुम्ही अडकता. इथे नेटाने खेळणारा कधी ना कधी शेवट गाठतोच. शाळकरी मुलांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती!

शेवटची बस:
पासवर्डबद्दल कुणीच बोललं नाही. मूळ जपानी खेळात सेव्ह नव्हतं. राजा हिरागाना या जपानी लिपीतली वीस अक्षरं सांगायचा, ती वहीत उतरवायची आणि पुढच्या वेळी तिथून खेळायला तीच टाकायची. जपानी शिकत असताना मी हा खेळ मुद्दाम मूळ रूपात खेळले. ‘नु’ आणि ‘मे’ दिसायला इतके सारखे की एकदा एक अक्षर चुकलं आणि तीन तासांचा खेळ पाण्यात. रडू आलं होतं. अमेरिकेत १९८९ मध्ये ‘ड्रॅगन वॉरियर’ नावाने आला तेव्हा कॅसेटमध्ये खेळ सेव्ह करायला बॅटरी होती, तिथल्या मुलांचा हा जाच वाचला.

आणि वारशाचं म्हणाल तर जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते याच मालिकेच्या सुरावटीवर. मी टीव्हीसमोर उभी राहिले.

तळटीप:
संगीताबद्दल वादच नाही. पहिल्या खोलीचाही मुद्दा मान्य, तसं शिकवणं ‘विझार्ड्री’ला जमलं नव्हतं. पण ‘नेटाने खेळणारा’ म्हणजे शेवटी ज्याच्याकडे वेळ आहे तो. त्याच्या निर्णयाला किंमत काय?

जुनी कॅसेट:
पूल आठवा. पूल ओलांडला की राक्षस एकदम तगडे होतात. कोणी अडवत नाही, पाटी नाही. आता जायचं की अजून दोन पातळ्या वाढवून, हे तुम्हीच ठरवायचं. आणि शेवटी खलनायक ड्रॅगनलॉर्ड विचारतो, अर्धं जग देतो, माझ्या बाजूला येतोस का? ‘हो’ म्हणालात तर खेळ तिथेच संपतो. १९८६ साली मुलांच्या खेळात हा प्रश्न होता.

तळटीप:
तो प्रश्न जबरदस्त आहे, खरंच. घिरट्यांबद्दल मात्र माझं मत तेच.