सवलत, वटाव की बट्टा?
(बडोद्यातल्या तिघांची चर्चा; नावांच्या जागी शहरातले भाग)

रावपुरा: हवामान धोरणावरचा एक लेख मराठीत आणतोय. 'डिस्काउंट रेट'ला 'सवलत दर' लिहिलं, तर आई म्हणाली, "सेल लागलाय का?" पुढच्या नुकसानीची आजची किंमत काढताना लावतात तो दर. शब्द सुचवा.

दांडिया बाजार: वटाव दर. आपल्या बडोद्यात दुकानादुकानाच्या चोपडीत 'कसर-वटाव' खातं असतंच. हुंडी मुदतीआधी मोडली की कापतात तो वटाव. चेक 'वटतो' तोही त्याच घरातला.

रावपुरा: पण सवलत का नको?

दांडिया बाजार: सवलत देणारा राजीखुशीने देतो. इथे ज्याचं कापायचं तो अजून जन्मलेलाच नाही! १०० वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान १.४ टक्क्यांनी आज २५ रुपयांचं, ४ टक्क्यांनी जेमतेम २ रुपयांचं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामानबदलावरच्या २००६ च्या अहवालातला दर १.४ च्या आसपास. अमेरिकी अर्थतज्ज्ञ नॉर्डहाउस म्हणाले, बाजारात भांडवलावर जे सुटतं ते बघून दर धरा, म्हणजे बराच चढा. आता २ रुपयांसाठी कोळसा कोण सोडणार?

सुरसागर: मग मी 'बट्टा' म्हणेन. मांडवीला फाटकी नोट दिली, १०० चे ९० हातावर ठेवले. तो बट्टा. नावाला लागतो तोही बट्टाच. केवळ उशिरा येतं म्हणून पुढच्यांचं सुख कमी मोजणं नीतीला धरून नाही, हे ब्रिटिश गणिती फ्रँक रॅम्से यांनी १९२८ सालीच लिहून ठेवलंय.

दांडिया बाजार: काका, दरात दोन गोष्टी आहेत. पुढचे लोक आपल्याहून सधन असतील, त्यांना एका रुपयाचं एवढं अप्रूप नसेल. यात कलंक कसला? दुसरा भाग निव्वळ 'ते नंतर येणार' म्हणून. तो स्टर्न यांनी ०.१ टक्काच धरला, तोही माणूसजातच टिकली नाही तर, एवढ्यापुरता.

सुरसागर: हं, हे मान्य. सबंध दर तो वटाव, त्यातला दुसरा भाग बट्टा. पण ते 'सधन असतील' मला खटकतं. सयाजीरावांच्या काळातल्या आजवा तलावाचं पाणी शहर अजून पितंय. पाऊसच रुसला, तर नातवाच्या पैशाने आजवा भरेल का?

रावपुरा: मग त्या दुसऱ्या भागाला 'काळबट्टा' चालेल? आईला विचारलं. म्हणाली, हा निदान कळतो.

दांडिया बाजार: चालेल. पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या, नाहीतर लोक 'काळा बट्टा' वाचतील.