सिल्क शिफॉनवर लहरिया: आतले पदर पांढरेच राहिले, काय चुकलं?

निळाई:
नमस्कार मंडळी. भाची लग्न होऊन उदयपूरला गेलीय, तिकडे श्रावणात तीजेला लहरिया (गुंडाळून, दोऱ्याने बांधून रंगवलेली तिरक्या रेघांची ओढणी) घेतात म्हणून म्हटलं यंदा आपल्या हातचा पाठवू. पांढरी सिल्क शिफॉनची ओढणी, अडीच मीटर, ८ मॉमी (रेशमाच्या वजनाचं माप, ८ म्हणजे विरळ). कोपऱ्यापासून तिरकी गुंडाळत नेली, सुती दोऱ्याने बोट-बोट अंतरावर बांधली, पातेल्यात कडकडीत पाणी करून निळा अ‍ॅसिड डाय (आंबट पाण्यात रेशमाला चढणारा रंग) आणि व्हिनेगर एकदमच घातलं आणि गुंडाळी आत सोडली. पाच मिनिटांत पाणी जवळजवळ नितळ, मला वाटलं झालं काम. लगेच ओलीच सोडली तर बाहेरचे दोन-तीन वळसे गडद निळे, आत जाल तसं फिकट, शेवटचं टोक पांढरं फटक. शिवाय रेघांच्या कडा पण फुटल्यात, टिपकागदावर शाई पसरते तशा. जयपूरच्या ओढणीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ सारखी असते ती कशी? दुसरी कोरी ओढणी आहे घरात, ती वाया जायला नकोय.

सुतावरून:
आधी कडेचे दोन धागे काढून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख चिमटीत भुगा झाली तर रेशीम, टणक मणी झाला तर दुसरंच काहीतरी. रंग चढला म्हणजे रेशीमच असं नाही, नायलॉनपण अ‍ॅसिड डाय घेतं. मला एकदा प्युअर म्हणून पॉलिएस्टर दिलं होतं, दोन दिवस फुकट गेले, तेव्हापासून दुकानातून आल्या आल्या हे करते.

निळाई:
केला, रेशीमच आहे.

रंगपेटी:
मग कापडाचा दोष नाही, व्हिनेगरची वेळ चुकली. अ‍ॅसिड डायला आंबटपणा आणि उष्णता दोन्ही एकदम मिळाली की तो समोर दिसेल त्या रेशमाला झटकन धरतो, आत जायला रंग शिल्लकच राहत नाही. पाणी पाच मिनिटांत नितळ झालं ते त्यामुळेच, सगळा रंग वरच्या वळशांनी पिऊन टाकला. गुंडाळी आधी अर्धा तास साध्या पाण्यात भिजू दे, शाम्पूचा एक थेंब टाकून. मग कोमट पाण्यात नुसता रंग, व्हिनेगर नाही, गुंडाळी हाताने दाबत सोडत राहायचं म्हणजे रंग आत खेचला जातो (हातमोजे घाल), दहा-पंधरा मिनिटं तरी. मग हळूहळू तापव आणि व्हिनेगर दोन हप्त्यांत, मी १०० ग्रॅम कापडाला पाव वाटी घेते. तुझी ओढणी साधारण ९५ ग्रॅमची असेल, मध्यम छटेला एक ग्रॅम पावडर पुरते. ८०-८५ डिग्रीच्या वर जाऊ देऊ नकोस, खळखळ उकळलं तर रेशमाची चमक जाते. आणि ऑर्गन्झावर करणार असशील तर जास्तच जप, त्याच्यात रेशमाचा मूळचा डिंक ठेवलेला असतो म्हणून तो कडक असतो, गरम पाण्यात साबण-सोडा लागला की मऊ पडतो.

काकूंची_बांधणी:
रंगाचं वर आलंय, मी बांधण्याबद्दल सांगते, जयपूरला रंगरेजांकडे बसून बघितलंय. लहरियाला विरळ कापडच लागतं, मलमल, शिफॉन, जॉर्जेट, कारण रंगाला इतक्या पदरांतून आरपार जायचं असतं, जाड सिल्कवर होणारच नाही. तू कापड कोरडं गुंडाळलंस का? ओलं करून पिळून मग गुंडाळ, शिफॉन कोरडं असताना हातातून नुसतं पळतं आणि गुंडाळी मध्ये फुगते, ओलं असलं की दोरीसारखं घट्ट बसतं. दोरा एवढा ओढायचा की बांधल्या जागी खाच पडली पाहिजे, नखाने दाबून बघायचं, नख रुतलं तर परत बांध. कडा फुटतात त्या ढिल्या दोऱ्याने आणि ओलं असताना सोडल्याने. बांधलेलीच धुवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग सावलीत पूर्ण वाळवायची आणि तेव्हाच सोडायची. सोडताना कात्री अजिबात नाही, शिफॉनला टोक लागलं की गेलं. सलग दोऱ्याने सरकगाठी मारत गेलीस तर एक टोक ओढलं की सगळा दोरा सरसर निघून येतो, ते बघायला इतकं छान वाटतं ना! तिथे विकायला ठेवलेल्या कितीतरी ओढण्यांवर थोडा दोरा तसाच ठेवतात, गिऱ्हाईकाला कळावं की हे छापलेलं नाही, बांधलेलं आहे. भाचीला पाठवताना एका कोपऱ्यात ठेव तूपण.

आणि ती पहिली ओढणी टाकू नकोस, शेजारच्या कोपऱ्यापासून गुंडाळून गडद रंगात परत रंगव, रेघा एकमेकींना कापून चौकडे पडतील. त्याला मोठडा म्हणतात. मोठ म्हणजे आपली मटकी, मधे तेवढे बारीक ठिपके उरतात म्हणून.

निळाई:
काकू, कोरडीच गुंडाळली होती! आज अर्धा मीटर तुकड्यावर करून बघितलं, ओलं गुंडाळून, व्हिनेगर शेवटी. मधल्या वळशापर्यंत निळा पोचलाय, अगदी आतलं टोक एक छटा फिकट आहे पण पांढरं नाही. दोरा अजून सोडलेला नाही, दांडीवर वाळतोय.

रंगपेटी:
तेवढी एक छटा पण जाईल, कोमट पाण्यात आणखी दहा मिनिटं दाबत राहा. फोटो टाक सोडल्यावर.