जुन्या गाडीच्या व्हॅक्यूम नळ्या: तुमचा अनुभव लिहा

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी येते, ती बघायला वडिलांच्या खांद्यावर बसून जायचो. जुन्या गाड्यांचं वेड तिथलंच. वडिलांची काँटेसा, इसुझूचं १.८ इंजिन, आठ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. यंदा ती रंगवून आणली. रंगाऱ्यानं इंजिनावरच्या सगळ्या व्हॅक्यूम नळ्या, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ इतर भागांना पोचवणाऱ्या रबरी नळ्या, काढून एका पिशवीत भरून दिल्या. अकरा नळ्या, आणि कुठली कुठं बसते याची एकीवरही खूण नाही.

मित्रानं त्याच्या काँटेसाच्या बोनेटखालचे फोटो दिले. काही जुळेना. नंतर उलगडलं, त्याची सुरुवातीच्या काळातली, ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसी इंजिन बसवलेली. नाव एकच, पण बोनेटखाली दोन निराळ्या गाड्या.

मग नळ्या बाजूला ठेवल्या आणि निपलांवरून, म्हणजे नळ्या जिथं चढतात त्या तोट्यांवरून, सुरुवात केली. सगळी निपलं रबरी टोप्यांनी बंद केली, गाडी चालू केली आणि एकेक टोपी काढून बोट लावून बघितलं. आयडलिंगलाच बोट ओढून धरतं ते निपल मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटरमधून सिलिंडरकडं मिश्रण नेणाऱ्या नळकांड्याचं. आयडलला गप्प असतं आणि थोडी रेस दिल्यावर ओढायला लागतं, ते ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या थ्रॉटलच्या पाकळीच्या वरचं. माझ्या गाडीत त्याची नळी डेल्कोच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) ॲडव्हान्सच्या डबीला जाते; ही डबी ठिणगी थोडी आधी पाडते. रंगाऱ्याकडून गाडी आली तेव्हा ही डबी थेट मॅनिफोल्डला जोडलेली होती, त्यामुळं आयडलिंग चढलेलं आणि स्क्रू कितीही फिरवला तरी उतरत नव्हतं.

नळ्या स्वतःही बरंच सांगतात. एकीच्या आत तेलाचा चिकट थर होता, ती इंजिनाच्या श्वासाची, म्हणजे ब्रीदरची. सगळ्यांत जाड आणि आतून दोरा विणलेली ती ब्रेक बूस्टरची, म्हणजे ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची. वर्षानुवर्षं एकाच जागी बसून रबराला बाक येतो. तो बाक कुठल्या कोपऱ्यात चपखल बसतो हे बघत आठ नळ्या लागल्या. तीन अजून हातात आहेत.

तुमचे अनुभव लिहा. गाडी कुठली, लक्षण काय दिसलं आणि दोष नेमका कसा सापडला, हे सांगा. ‘मिस्त्रीनं करून दिलं’ एवढंच नको.

उद्यमनगरातून

तीस वर्षं फिटर आहे. पोरं पहिल्यांदा कार्बोरेटरच्या स्क्रूला हात घालतात, तिथंच चुकतं. कुठल्या फटीतून इंजिन जास्तीची हवा चोरत असलं की मिक्श्चर पातळ होतं, मग स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवायचं, आणि दोष तसाच झाकून राहतो. आधी ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावा. चांगल्या इंजिनाला आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं असं पुस्तकात असतं, पण ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. कोल्हापूर सुमारे ५५० मीटरवर, म्हणजे आपल्याकडं दीड-दोन इंच कमीच धरायचं. १६-१७ वर काटा स्थिर असेल तर इंजिन उघडायला धावू नका. काटा ठरावीक तालात खाली झटका मारत असेल तर मात्र नळ्या सोडा, व्हॉल्व्ह बघा.

चोरी शोधायला मी साबणाचं पाणी फवारतो. जिथं पाणी पडल्यावर इंजिनाचा सूर बदलतो, तिथं फट. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून बघणारे आहेत. मी माझ्याकडं ते करू देत नाही. पेटलेली गाडी मी डोळ्यांनी बघितली आहे.

आणि ती रंगीत सिलिकॉनची नळी दिसायला झकास असते, कोरड्या व्हॅक्यूमला चालते. पण तेलाच्या किंवा पेट्रोलच्या वाफेला ती टिकत नाही, फुगते. ब्रीदरला नायट्राईल रबरच घाला.

धागाकर्त्याला एक सांगतो. उरलेल्या नळ्यांच्या मागं लागण्याआधी कार्बोरेटरच्या खालच्या अंगाला हात फिरवून बघा. तिथं एखादं बंद ठेवलेलं निपल असतं आणि त्याची टोपी तडकलेली असते. वरून दिसत नाही.

गगनबावड्याहून

आमची जुनी विलीज जीप. तिचे वायपर व्हॅक्यूमवर चालतात. पावसाळ्यात करूळ घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की काचेवरचे हात अर्ध्यातच थांबायचे, पाय उचलला की सपासप चालायचे. थोडं तसं होणारच, कारण थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमध्ये ओढ राहत नाही. म्हणूनच तिच्या पेट्रोल पंपाला व्हॅक्यूमचा दुसरा कप्पा दिलेला असतो. आमच्याकडं तो कप्पा ठीक होता, पण तिथून वर जाणारी नळी डॅशबोर्डमागं चिरली होती. साडेतीन फूट नळी बदलली आणि काम झालं. बावड्याच्या पावसात काच न पुसणारी जीप म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

शाहूपुरीतून

मर्सिडीज डब्ल्यू १२३, डिझेल. किल्ली काढून खिशात घातली तरी इंजिन चालूच! या गाडीत इंजिन बंद होतं तेही व्हॅक्यूमनं आणि दारांची कुलुपंही त्याच व्हॅक्यूमवर. डिझेलला मॅनिफोल्डची ओढ मिळत नाही, म्हणून वेगळा पंप असतो. दोन महिने मी पंपाकडंच बघत बसलो. चोरी निघाली मागच्या डाव्या दाराच्या कुलपात, आतला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, फाटला होता. दाराकडं जाणारी एकेक शाखा बंद करत गेलो तेव्हा सापडलं. तोवर बोनेट उघडून हातानं स्टॉपचा दांडा दाबायचो.

इचलकरंजीहून

बाबांची ॲम्बेसेडर मी उभी करतेय. डेल्कोला कुणीतरी सलाईनची नळी लावली होती. थंड असताना ठीक चालायची, गरम झाली की नळी मऊ पडून चपटी व्हायची आणि चढावर दम जायचा. नळी बदलल्यावर डबीही तपासली: नळीचं टोक तोंडात धरून हवा ओढायची आणि जीभ लावून ठेवायची. जीभ चिकटून राहिली तर डायफ्रॅम शाबूत. माझा शाबूत निघाला, तेव्हा भर दुपारी अंगणात ओरडले मी.

मंगळवार पेठेतून

प्रीमियर ११८ एनई. जोतिबाच्या उतारावर ब्रेक दगडासारखा कडक. बूस्टरच्या नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह उलटा बसवलेला होता. तपासायची रीत: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी रस्त्यावर काढूच नका.

धागाकर्ता पुन्हा

उद्यमनगरचे काका, निपल सापडलं. मॅनिफोल्डच्या मागच्या अंगाला, टोपी उभी चिरलेली. पिशवीतली एक आखूड नळी तिथूनच एअर क्लीनरच्या डबीपर्यंत बरोब्बर पोचली. गेजचा काटा साडेतेरावर थरथरत होता, आता १७ वर स्थिर आहे. वडिलांना बोनेटपाशी बोलावून नुसता आवाज ऐकवला.

दोन नळ्या उरल्यात. कुणाकडं मूळ अवस्थेतली १.८ काँटेसा असेल तर एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्या.