खिलार खोंड विकायचे आहेत, वंशाची खात्री गिऱ्हाइकाला कशी द्यावी?

जतकर:
राम राम मंडळी. तीन खिलार गाई, चार एकर कोरडवाहू. दोन खोंड काढायचे आहेत, एक अकरा महिन्यांचा, दुसरा दीड वर्षाचा. दोन्ही अंडील, म्हणजे खच्ची न केलेले. मोठा कृत्रिम रेतनाचा, धाकटा गावच्या वळूचा. दारावर येणारा व्यापारी दोन्हींचा मिळून उक्ता भाव सांगतोय, कागद कशाला म्हणतोय. पुरावा म्हणून काय चालतं? दात लावेपर्यंत थांबावं का? पेंड वाढवली तर भाव वाढेल?

माणदेशी_दावण:
उक्ता अजिबात देऊ नका, दोघांचं गिऱ्हाईक वेगळं आहे. कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था जातीची नोंद करते, तुमच्या खोंडाची नाही. त्यामुळे पुरावा आपणच जमवायचा. रेतनाच्या कांडीवर, म्हणजे वीर्याच्या नळीवर, वळूचा क्रमांक, जात आणि तारीख छापलेली असते. रिकामी कांडी वहीत चिकटवून ठेवली असेल तर उत्तम, नसेल तर दवाखान्याच्या रजिस्टरातून क्रमांक उतरवून घ्या. मग रेतन ते वेत हे दिवस मोजा. 280 ते 290 दिवस भरले तर जुळलं. 305 च्या आसपास आले तर गाय उलटली होती, म्हणजे त्या रेतनानं गाभ राहिली नव्हती, आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्याच वळूनं भरली, असा संशय जाणकार घेणारच.
धाकट्यासाठी वळूच्या मालकाकडून तारखेसह चिठ्ठी आणि वळूचा फोटो. शिवाय दोन्ही खोंडांच्या आया दावणीला उभ्या असू द्या. आईची शिंगं, वशिंड, खुरं बघून अर्धा सौदा तिथंच होतो. पुढच्या वेताला वासराचा पहिल्या आठवड्यातच फोटो काढा. खिलार वासराच्या टाळूवर तांबूस झाक असते, ती दोन-तीन महिन्यांत जाते. नंतर सांगून कोणी मानत नाही.

चौसा:
दातांबद्दल. पहिले दोन पक्के दात साधारण दोन ते अडीच वर्षांत येतात, तोवर आदत. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं शर्यतींचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून आदत खोंडाला मागणी चांगली आहे. पण घेणाऱ्याला पळवायला वेळ उरलेला हवा. म्हणून थोरला आत्ताच काढा. दुसा (दोन दात आलेला) झाल्यावर जुवाला न लावलेला खोंड म्हणजे शर्यतवाल्याला उशिराचा, शेतकऱ्याला कच्चा. धाकटा हिवाळ्यापर्यंत ठेवायला हरकत नाही. आणि विकायच्या आधी खच्ची करायचा चिमटा लावू नका, वळूसाठी शोधणारं गिऱ्हाईक तिथंच संपतं.

गव्हाण:
पेंड वाढवून भाव वाढत नाही, पोट सुटतं. खिलार अंगानं आवळ हवा. एकदम खुराक वाढवला की पोटात आम्ल होतं, त्यातून खुरांना सूज येते आणि खोंड ऐन बाजारात लंगडतो. आधी वजन काढा: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले 660. घेर 50 आणि लांबी 44 असेल तर सुमारे 167 किलो. एवढ्या खोंडाला दिवसाला 7–8 किलो हिरवी वैरण, 2 किलो कडबा कुट्टी, 1 किलो सरकी पेंड आणि भरडा मिळून, 25–30 ग्रॅम खनिज मिश्रण. बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. जंताचं औषध तीन महिन्यांत दिलं नसेल तर आधी ते, मात्रा वजनावरून डॉक्टर ठरवतील. जंत पोटात असताना पेंड घालणं म्हणजे पैसे उकिरड्यावर.

माणदेशी_दावण:
बाजार म्हणाल तर सांगोल्याचा रविवार कायमचा. निवडक जनावराला खरसुंडीची पौषातली यात्रा किंवा पुसेगावची सेवागिरी यात्रा बरी, तिथं पारखी येतात. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची सवय नसेल तर ओळखीचा माणूस सोबत न्या आणि घरून निघतानाच खालचा आकडा पक्का करा.
कानात बारा अंकी बिल्ला हवाच. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. सौदा झाला की बाजार समितीची पावती घ्या आणि दवाखान्यात सांगून बिल्ल्यावरचं मालकाचं नाव बदलून घ्या, ते विसरलं की पुढची कटकट तुमच्या नावावर येते. लाळ्या-खुरकूत आणि लंपीची लस बाजाराच्या किमान तीन आठवडे आधी. आदल्या दिवशी टोचून नेलं तर उपयोग नाही, अंगात ताकद तयार व्हायला तेवढे दिवस लागतात.

जतकर:
आभार. ब्रुसेलाची लसही खोंडांना द्यायची का?

गव्हाण:
नाही. ती फक्त कालवडींना, 4 ते 8 महिन्यांत, एकदाच. खोंड वळू म्हणून जाणार असेल तर ब्रुसेलाची रक्त तपासणी आणि क्षयाची चाचणी करा. अहवाल हातात असला की भाव बोलताना तुम्हीच पुढे राहता. खर्च कोणाचा, हे मात्र विसार घेण्याआधी ठरवा.