‘तो निगेटिव्ह आहे’ म्हणजे कधीचा?

प्रेपची गोळी (एचआयव्ही होऊ नये म्हणून निगेटिव्ह माणसाने आधीच घ्यायचं औषध) आली की लोक कंडोम सोडणार, मग उपयोग काय, असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला अर्धाच पटला. सिफिलिस, गोनोरिया गोळीने थांबत नाहीत, मान्य. पण एचआयव्ही थांबतो, आणि गोळी त्यासाठीच आहे ना?

रोज गोळी नको असेल तर पुरुषांसाठी दुसरी पद्धत आहे. शनिवारी रात्री भेटायचं ठरलंय, तर संध्याकाळी सातला, म्हणजे किमान दोन तास आधी, दोन गोळ्या. रविवारी सातला एक, सोमवारी सातला एक. (सोमवारची हमखास विसरली जाते, गजर लावा.) फ्रान्स-कॅनडातल्या इपरगे चाचणीत, २०१५ साली, याने संसर्ग ८६ टक्क्यांनी घटलेला दिसला. हिपॅटायटिस बी असेल तर मात्र हा प्रकार नको. आणि एचआयव्हीची चाचणी केल्याशिवाय गोळी सुरूच करू नये.

मला जास्त भीती वाटते ती ‘तो निगेटिव्ह आहे’ या वाक्याची. कधी तपासलं होतं? त्यानंतर काय झालं? उलट नियमित औषध घेणारा, रक्तात विषाणू सापडत नसलेला पॉझिटिव्ह जोडीदार आपण टाळतो. पार्टनर-२ अभ्यासात (२०१९) अशी ७८२ पुरुष जोडपी होती, कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले, आणि जोडीदाराकडून संसर्ग शून्य.

कंडोम फाटलाच तर ७२ तासांच्या आत पेप (संबंधांनंतर एचआयव्ही रोखायला घ्यायचं औषध) सुरू करायचं, २८ दिवस. सोमवारी बघू म्हणत बसू नका.