मदत हवी आहे: पाळीची (शिफ्टची) नोकरी सांभाळून एमबीए, दूरस्थ की ऑनलाइन?

गोव्यात वेर्ण्याला औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, राहते म्हापशात. साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटला किंवा ताळगावच्या गोवा विद्यापीठात पूर्णवेळ दोन वर्षं शक्य नाही, घरकर्जाचा हप्ता चालू आहे. उरलं इग्नू या मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ, जे चार वर्षांपर्यंत लांबवता येतं, किंवा ऑनलाइन. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या, हे यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) २०२२चं पत्रक कंपनीच्या एचआरला दाखवलं. उत्तर, "बघू." रात्रपाळीनंतर पुस्तक उघडून पाहिलं, अर्ध्या पानावरच डोळे मिटतात. लाइव्ह लेक्चर तर पाळी बदलली की हुकणारच. गोव्यात पाळीत काम करून यातलं काही पूर्ण केलेल्यांनी कृपया सांगा: परीक्षांसाठी रजा कशी जमवली, आणि बढतीला ती पदवी खरंच धरली का?